सलीम अली आणि भरतपूरचे पाणी

सलीम अली यांचे नाव घेतले की पक्ष्यांवर प्रेम करणारा एक कृश, दाढीधारी वृद्ध आणि त्याच्या गळ्यातील दुर्बीण एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. या चित्रात बंदूक नसते. वस्तुतः त्यांच्या आयुष्याची पहिली पन्नासएक वर्षे दुर्बिणीबरोबर बंदूकही त्यांच्या खांद्यावर होती, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. आज ज्याला आपण भारतातील पाणपक्ष्यांचे सर्वांत मोठे तीर्थस्थान मानतो, ते भरतपूरचे केवलादेव घना मुळात बदकांच्या शिकारीसाठी तयार केलेले पाणी होते. शिकारीच्या विद्येतून पक्षिशास्त्र कसे उभे राहिले, आणि शिकारीच्या जागेतून अभयारण्य कसे जन्मास आले, या दोन्ही गोष्टी या एका माणसाच्या चरित्रात एकत्र आल्या आहेत. त्यांचे चरित्र या बाजूने फारसे सांगितले जात नाही, म्हणून येथे ते तसे सांगण्याचा प्रयत्न आहे.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन गेले, तीन वर्षांचे असताना आई झीनतुन्निसा गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या मुलांना वाढवले. तय्यबजी घराणे मोठे. त्याच घराण्यातील अब्बास तय्यबजी बडोदे संस्थानात न्यायाधीश होते आणि पुढे गांधीजींचे निकटचे सहकारी झाले, हे बडोद्याच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. अमिरुद्दीन स्वतः शिकारी होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या काही हिंदी सभासदांपैकी एक होते. तेव्हाच्या सुखवस्तू घरांत मुलाच्या हाती छऱ्यांची हवाई बंदूक देणे हे क्रिकेटची बॅट देण्याइतकेच सहज होते.

त्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीची कथा शालेय पुस्तकांतून सर्वांना माहीत झाली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १९०८ च्या सुमारास या मुलाने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी हे मामांनाही सांगता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकेक उघडून दाखवले. पुढे याच ठिकाणी नॉर्मन किनिअर यांच्या हाताखाली पक्ष्याचे कातडे कसे काढावे व टिकवावे हेही त्यांना शिकायला मिळाले. शिकारीची परिणती खाण्यात किंवा फुशारकीत होण्याऐवजी प्रश्नात झाली, तर त्यातून शास्त्र निघू शकते, हे त्या दिवशी मुलाला कळले असेल किंवा नसेल. पण पुढचे सारे आयुष्य त्याच वाटेने गेले.

गणिताने त्यांचा कॉलेजात पिच्छा पुरवला आणि ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात त्यांचे मन रमले नाही, पण भोवतीच्या जंगलाने त्यांना घडवले. पायाखाली पाचोळा न वाजवता चालणे, वारा कोणत्या बाजूचा आहे ते आधी पाहणे, आवाजावरून पक्षी ओळखणे, या गोष्टी वर्गात शिकवता येत नाहीत. १९१७ मध्ये परत आल्यावर दावर कॉलेजात व्यापारशिक्षण आणि सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र असे दोन्ही चालले. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना यांच्याशी विवाह झाला. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसमान या थोर पक्षितज्ज्ञांचे शिष्य झाले. तेथेच त्यांना पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा माग काढण्याची पद्धत जवळून पाहावयास मिळाली. हेल्गोलँड बेटावरचे केंद्र त्यासाठी प्रसिद्ध होते. १९३० मध्ये ते परत आले तेव्हा म्युझियममधील जागाच रद्द झालेली होती. नोकरी गेलेला हा माणूस अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिला आणि घराशेजारच्या सुगरणींची घरटी शिडीवर बसून पाहू लागला. त्या निरीक्षणांवरील लेखाने त्यांचे नाव जगातल्या पक्षितज्ज्ञांत झाले.

आपल्यासारख्या संस्थानी शहरांतील वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा भाग येथून सुरू होतो. नोकरी नव्हती, तेव्हा सलीम अलींनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला : प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, मेहनताना नको, पक्ष्यांची पाहणी करून देतो. पहिली पाहणी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाली. नंतर त्रावणकोर-कोचीन, आणि पुढे १९३८-३९ च्या सुमारास ग्वाल्हेर, इंदूर, धार, भोपाळ हा मध्य भारत. तंबू, बैलगाड्या, कातडी वाळवण्याच्या पेट्या आणि सोबत तहमिना, असा हा संसार फिरत असे. या पाहण्यांत त्यांनी हजारो पक्षी मारले. आजच्या तरुण वाचकाला हे खटकेल. त्या काळी पक्ष्याची जात आणि उपजात निश्चित करण्यास हातात नमुना असणे अपरिहार्य मानले जाई, आणि आपल्या संग्रहालयांतील जे ज्ञान आपण आज सहज वापरतो ते या नमुन्यांवर उभे आहे. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. त्यानंतर ते बहीण व मेहुण्यांकडे राहू लागले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

आता भरतपूरकडे वळू. ग्वाल्हेरहून आग्र्यामार्गे निघाले तर भरतपूर एका दिवसाच्या प्रवासाचे आहे. शहराच्या दक्षिणेस सुमारे २९ चौरस किलोमीटरचा एक उथळ खोलगट भाग आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळी गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराला आवर घालण्यासाठी अजान बांध घालण्यात आला. पावसाळ्यात या बांधामागे साठलेले पाणी या खोलगटात सोडता येई. येथे बाभळी, बोरी, खेजडी आणि एका भागात कदंबाचे दाट रान होते; दाट म्हणून त्याला घना म्हणत, आणि मध्यावर केवलादेवाचे म्हणजे महादेवाचे देऊळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाच्या कारभारात असलेले मोरवी राजघराण्यातील हरभामजी यांच्या पुढाकाराने या खोलगटात लहान बांध व पाण्याची दारे घालून त्याचे खण पाडण्यात आले. हेतू एकच, बदकांची शिकार. पाऊस सरला की पाणी आत घ्यायचे, खणाखणांत हवे तेवढे ठेवायचे. बहुतेक ठिकाणी ते माणसाच्या उंचीपेक्षा कमीच असे. बाभळी बुंध्यापर्यंत, कधी पहिल्या फांदीपर्यंत पाण्यात उभ्या राहत.

पाण्यात उभे असलेले हे रान बदकांना इतके का आवडते, हे शिकाऱ्याला पुस्तक न वाचता कळत असे. बुडालेल्या गवताचे बी, पाण्यातले किडे, कंदमुळे हे अन्न उथळ पाण्यातच मिळते, कारण तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल ही बदके बुडी मारत नाहीत. शेपूट वर करून मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवर चरतात. झाडांच्या आडोशाने वारा अडतो, पाणी शांत राहते आणि आकाशातून येणाऱ्या शिकारी पक्ष्यापासून ओथंबलेल्या फांद्या लपवतात. नकटा आणि काणूक ही येथलीच बदके तर पावसाळ्यात झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. ऑगस्टमध्ये त्याच बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, बगळे, पाणकावळे, तिरंदाज यांची हजारो घरटी लागतात. एका झाडावर खाली पाण्यात बदके आणि वर पाच-सहा जातींची बिऱ्हाडे, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसते.

शिकारीच्या आधीची टेहळणी हा स्वतंत्र अभ्यास आहे. बंदुकीचा बार हा त्याचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. पाहुण्या बदकांतले भुवई बदक ऑगस्टच्या अखेरीस सर्वांत आधी येते. मागून तलवार बदके, नोव्हेंबरात खरी गर्दी. लवकर आलेल्या नरांच्या अंगावर अजून विणीचा पोशाख चढलेला नसतो, नर-मादी सारखीच मळकट दिसतात. तेव्हा जात ओळखायची ती पंखावरच्या चमकत्या पट्ट्यावरून, चोचीच्या घडणीवरून आणि उडण्याच्या ढंगावरून. हिवाळ्यात ही बदके दिवसा मोकळ्या पाण्यावर किंवा झाडांच्या आडोशाला झोपा काढतात. सूर्यास्तानंतर ती चरायला भाताच्या खाचरांकडे, दलदलींकडे निघतात आणि पहाटे परततात. म्हणून जाणता माणूस भर दुपारी पाण्याची पाहणी करीत नाही. तो तिन्हीसांजेला आणि झुंजुमुंजू होताना बांधावर बसतो. थवे कोणत्या दोन झाडांमधून, किती उंचीवरून येतात; वारा बदलला की वाट बदलते का; उतरताना बदक नेहमी वाऱ्याकडे तोंड करते, तर आजचा वारा त्याला कोणत्या खणात उतरवील; कोणत्या काठावर पिसे आणि विष्ठा ताजी आहे; वारकरी कोणत्या पाण्यात निवांत चरत आहेत आणि कोठून एकदम पळत सुटतात, हे सारे मनात नोंदवायचे. (काळ्या अंगाच्या, कपाळी पांढरा टिळा असलेल्या त्या पाणपक्ष्याला मराठीने वारकरी म्हटले आहे. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या नजरेला दाद द्यावी.) भोवत्या पाण्यावरून घिरटी घालत गेला की सगळा जमाव उठतो, तो क्षण मोजणीला सर्वांत चांगला. एका तुकड्यातील पक्षी मोजून तसे किती तुकडे आकाशात आहेत याचा अंदाज बांधण्याची रीत शिकाऱ्यांची, आणि तीच पुढे पक्षिगणनेची झाली.

ही विद्या सलीम अलींना लहानपणापासून अंगवळणी होती. संस्थानाच्या पदरी असलेल्या शिकारखात्याच्या माणसांना ती पिढ्यान्पिढ्या येत होती. परंतु तिचा उपयोग जेथे होई, त्या शाही शिकारींची गोष्ट वेगळी आहे. १ डिसेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्यासाठी झालेल्या पहिल्या मोठ्या शिकारीत ५४० पक्षी पडले. १९१४ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांच्या वेळी हा आकडा चार हजारांवर गेला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हे आकडे केवलादेवाच्या देवळाजवळ दगडावर कोरून ठेवले आहेत आणि आजही वाचता येतात. योगायोग असा की, ती तारीख सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाची होती.

अशा दगडासमोर उभे राहिले की संताप येतो. यावा हेही योग्यच. परंतु सलीम अलींची भूमिका येथे साधी नव्हती. एका दिवसातील कत्तल त्यांना मान्य नव्हती, पण दगडावरच्या आकड्यांमागचे दुसरे सत्यही त्यांना दिसत होते. वर्षातून मोजक्या दिवशी बंदुका वाजत. उरलेल्या दिवसांत त्या पाण्याला संस्थानाचा पहारा असे. त्या पहाऱ्यामुळेच उत्तर भारतातील इतर असंख्य झिली उपसल्या गेल्या, नांगरल्या गेल्या, तेव्हा घना टिकून राहिला. शिकारी नसता तर ते पाणी कधीच शेत झाले असते, हा विचार ते उघडपणे मांडत. पक्षिप्रेमाचा अर्थ केवळ कळवळा असा करणाऱ्यांना हे रुचत नसे. आम्हाला मात्र वाटते की, त्यांच्या विचाराची खरी ताकद या अवघड कबुलीत आहे.

स्वातंत्र्यानंतर या पाण्याचे मरण जवळ आले. संस्थान विलीन झाले, शिकारखात्याचा दरारा सरला आणि अजान बांधाचे पाणी राजाच्या बदकांना देण्याऐवजी शेतीला द्यावे, घन्याची जमीन कोरडी करून वाटून टाकावी, अशी मागणी जोर धरू लागली. त्या मागणीत अन्याय होता असे म्हणता येणार नाही. देशात धान्याची टंचाई होती आणि आसपासचे शेतकरी गरीब होते. सलीम अलींनी आपले सारे वजन खर्च केले. पंडित नेहरू पक्ष्यांचे चाहते होते. त्यांच्यापर्यंत त्यांनी हा प्रश्न नेला आणि ही जमीन एकदा नांगरली की असे पाणी पुन्हा निर्माण करता येणार नाही हे पटवून दिले. १९५३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी घन्यावर लेख लिहिला. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र कायम राहिला. म्हणजे काही वर्षे हे एकाच वेळी अभयारण्यही होते आणि शिकारीचे रानही. शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली आणि १९७२ मध्ये तो हक्कही संपला.

याच पाण्यावर त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एक केला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडांना आणि माणसांना एका अनोळखी तापाने ग्रासले. सायबेरियाकडच्या एका रोगाशी त्याचे साम्य आढळले आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो येतो की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आणि भरतपूर हे त्याचे प्रमुख केंद्र झाले. पक्षी पकडण्यासाठी बिहारमधील मीरशिकार जमातीचे पारधी आणले गेले. बाजारात विकण्यासाठी पाखरे धरणारी ही माणसे. त्यांच्या हातांतले कौशल्य कोणत्याही विद्यापीठात नव्हते. बदकांची येण्याजाण्याची वाट हेरायची, अंधार पडताना पाण्यात शिरायचे, जाळ्यातला पक्षी पीसही न मोडता सोडवायचा. टेहळणी तीच, वाट पाहणे तेच. फक्त शेवटी बार होण्याऐवजी पायात मुंबईचा पत्ता कोरलेले एक हलके कडे चढे आणि पक्षी पुन्हा पाण्यावर सोडला जाई. महिन्यांनी, वर्षांनी सोव्हिएत देशातून पत्रे येत. कोणा शिकाऱ्याला सायबेरियात किंवा कझाकस्तानात मारलेल्या बदकाच्या पायात हे कडे सापडलेले असे. भरतपूरच्या बदकांचे माहेर कोठे आहे हे अशा रीतीने बऱ्याच अंशी दूरदेशच्या बंदुकांनीच कळवले, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

मानसन्मान बरेच झाले. पद्मभूषण १९५८ मध्ये, पद्मविभूषण १९७६ मध्ये, गेटी पारितोषिक, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिकोश १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. या सर्वांची यादी इतरत्र सहज मिळेल.

त्यापेक्षा १९८२ ची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण गौरवलेखांत ती वगळली जाते. घना राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्या नोव्हेंबरात आत गुरे चारण्यास बंदी आली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही माणसे मृत्युमुखी पडली. सलीम अलींचा कल गुराबंदीच्या बाजूने होता. चराईने पाणथळाचा नाश होतो असे त्यांना वाटे. पण त्यांच्याच सोसायटीने १९८० च्या दशकात तेथे दीर्घ अभ्यास केला, तेव्हा निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातले गवत इतके माजले की मोकळे पाणी आटले, मासे कमी झाले आणि बदकांना उतरायला जागा राहिली नाही. म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही मानले नाही, त्याच्या संस्थेने त्याच्याच मताविरुद्ध पुरावा छापला, हे त्या संस्थेला आणि तिला घडवणाऱ्यालाही भूषणावहच म्हटले पाहिजे. गोळीबारात गेलेल्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता.

२० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावरील खारफुटीला त्यांचे नाव देण्यात आले. तेथेही झाडे भरतीच्या पाण्यात उभी असतात. भरतपुरात शिकारीचा प्रश्न संपला आहे, पाण्याचा संपलेला नाही. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर अजान बांधाकडे येणारे पाणी शेतीसाठी अडले, आणि २००४ च्या सुमारास घना कोरडा पडला. नंतर दुसरीकडून पाणी आणण्याच्या योजना कराव्या लागल्या. १९५० च्या सुमारास जो वाद नेहरूंपुढे गेला होता, तोच पुन्हा उभा राहिला, फक्त बदकांच्या बाजूने बोलणारा तो माणूस नव्हता. दर हिवाळ्यात येथे येणारी सायबेरियन क्रौंचाची शेवटची जोडी २००२ मध्ये उडून गेली, ती परत आली नाही. तलवार बदके आणि थापटे मात्र ज्या वर्षी पाणी असते त्या वर्षी येतात, आणि देवळाजवळच्या दगडावरील आकडे वाचणाऱ्यांच्या डोक्यावरून संध्याकाळी चरायला जातात.